पुसलेले नाव आणि चुकलेले साल : व्हिएन्नातील एका मोटारीची कथा

१/
४ जुलै १९४०. फ्रान्सने शस्त्रे खाली ठेवून दोन आठवडेही उलटले नव्हते. अशा धामधुमीत बर्लिनच्या प्रचार मंत्रालयाला एका निराळ्याच कामासाठी सवड मिळाली. त्या दिवशी डाइमलर-बेंझ कंपनीला एक पत्र लिहिले गेले. आशय असा : मायर आणि ब्रोकहाउस या ज्ञानकोशांच्या प्रकाशकांना सूचना दिली आहे, की यापुढे आधुनिक मोटारीचे जनक म्हणून सीगफ्रीड मार्कुसचे नव्हे, तर गॉटलीब डाइमलर आणि कार्ल बेंझ यांचे नाव छापावे.

२/
ज्याचे नाव खोडायचे होते, तो मनुष्य १८९८ मध्येच व्हिएन्नात मरण पावला होता. हिटलर तेव्हा अवघ्या नऊ वर्षांचा होता. बेचाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या एका यंत्रकाराची इतक्या बलाढ्य राजवटीला अडचण का व्हावी? कारण एवढेच, की तो ज्यू कुटुंबात जन्मला होता.

३/
मार्कुसचा जन्म १८३१ चा, उत्तर जर्मनीतील माल्खिन या छोट्या गावातला. यंत्रकामाची उमेदवारी करून त्याने बर्लिनला सीमेन्स आणि हाल्स्के यांच्या कारखान्यात काम केले आणि १८५२ मध्ये तो व्हिएन्नाला आला. तारायंत्रापासून सुरुंग पेटवणाऱ्या विद्युत उपकरणापर्यंत अनेक गोष्टी त्याने घडवल्या. एका शोधाला आयुष्य वाहणाऱ्यांपैकी तो नव्हता. एक यंत्र सिद्ध झाले की त्याचे मन दुसऱ्याकडे धावे.

४/
१८७० च्या सुमारास त्याने एका साध्या हातगाडीवर इंजिन बसवले. तिला क्लच नव्हता. इंजिन थेट मागची चाके फिरवत असल्याने ते सुरू करताना गाडीचा मागचा भाग जमिनीवरून उचलावा लागे. ती गाडी आज उरलेली नाही. उरले आहे ते १८७० सालचे एक छायाचित्र. प्रवासाचे वाहन म्हणावे असे तिच्यात फारसे काही नव्हते, पण इंजिनाने स्वतःच्या बळावर चाके फिरवावीत ही कल्पना तिथे प्रत्यक्षात उतरली होती.

५/
मार्कुसची दुसरी गाडी मात्र शाबूत आहे आणि ती व्हिएन्नाच्या तांत्रिक संग्रहालयात पाहायला मिळते. लाकडी सांगाडा, चार चाके, एकच सिलिंडर असलेले फोर-स्ट्रोक इंजिन. ठिणगीसाठी मॅग्नेटो. कार्ब्युरेटर तर मोठा गमतीचा : पेट्रोलमध्ये बुडालेला गोल ब्रश फिरतो आणि बारीक तुषार उडवतो. इंजिनाची ताकद एका अश्वशक्तीहूनही कमी. वेग माणसाच्या झपझप चालण्याएवढा.

६/
या दुसऱ्या गाडीला विसाव्या शतकाच्या आरंभी एक साल चिकटले : १८७५. बेंझने आपल्या तीनचाकीच्या पेटंटसाठी अर्ज केला तो २९ जानेवारी १८८६ रोजी. म्हणजे ऑस्ट्रियाची गाडी जर्मनीच्या तब्बल अकरा वर्षे पुढे! पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य गमावलेल्या त्या छोट्या देशाला हे साल फार प्रिय झाले. १९३२ मध्ये व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यालयासमोर मार्कुसचे स्मारक उभे राहिले.

७/
सहाच वर्षांत चित्र पालटले. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि नव्या सत्तेने ते स्मारक हलवले. दोन वर्षांनी वर उल्लेखिलेले पत्र निघाले. पुतळा हटवला की चौक रिकामा दिसतो. निदान कोणीतरी विचारते, इथे काय होते? ज्ञानकोशातून नाव गेले तर तिथे रिकामी जागाही राहत नाही. पुढच्या पिढीला आपण काही विसरलो आहोत याचाही पत्ता लागत नाही.

८/
युद्ध संपले. १९४८ मध्ये स्मारक पुन्हा उभे राहिले. १९५० मध्ये ती जुनी गाडी दुरुस्त करून व्हिएन्नात पुन्हा चालवण्यात आली. अन्यायाचे परिमार्जन होत होते. अशा वेळी १८७५ या सालाविषयी शंका काढायला कोण धजावणार?

९/
आणि तरीही १९६० च्या दशकात संशोधकांनी तो प्रश्न उपस्थित केला. कारखान्याचे पुरावे तपासले, तेव्हा ही गाडी मोराव्हियातील अदामोव्ह येथे १८८८ च्या सुमारास बांधल्याचे दिसून आले. गाडीचे अंतरंगही तेच सांगत होते. ऑटोचे फोर-स्ट्रोक इंजिन जगासमोर आले १८७६ मध्ये. मार्कुसच्या ब्रशच्या कार्ब्युरेटरची आणि मॅग्नेटोची पेटंटे १८८० च्या दशकातली. १८७५ ची गाडी हे सारे अंगावर बाळगून कशी धावणार?

१०/
म्हणजे व्हिएन्नाची ही गाडी बेंझच्या नंतरची. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने गेलीही होती. अंतर सुमारे १०० किलोमीटर. आज संग्रहालयही मार्कुसच्या गाडीचा काळ १८८८-८९ असाच देते.

११/
इथे इतिहासाचा अभ्यासक पेचात सापडतो. ज्याला द्वेषापोटी पुसले, त्याच्याकडून ‘पहिला’ हा मान आपणही काढून घ्यायचा? मग त्या मंत्रालयाचेच काम आपण पूर्ण करत नाही का? निष्कर्ष तर वरवर पाहता सारखाच दिसतो : आधी बेंझ, मग मार्कुस.

१२/
पण निष्कर्ष सारखा दिसला, तरी तिथवर नेणारी वाट एक नाही. मंत्रालयाने गाडी तपासली नाही, कागद चाळले नाहीत. त्याने जन्म पाहिला आणि हुकूम सोडला. संशोधकांनी आपली कारणे सर्वांसमोर मांडली. उद्या नवा पुरावा मिळाला, तर त्यांचे म्हणणे बदलू शकते. हुकमाला अशी सोय नसते. शिवाय संशोधकांनी साल बदलले. नाव पुसले नाही.

१३/
मार्कुसला न्याय द्यायचा तर त्याच्यासाठी खोट्याची ढाल नको. ती ढाल ज्या दिवशी फुटते, त्या दिवशी तिच्यामागचे खरेही लोकांना संशयास्पद वाटू लागते. १८७० ची ती हातगाडी खरी आहे. ब्रशचा कार्ब्युरेटर खरा आहे. मॅग्नेटोवरचे त्याचे काम खरे आहे. मोटार ही कोणा एकाच्या डोक्यातून बाहेर पडलेली वस्तू नाही. ऑटो, डाइमलर, बेंझ आणि मार्कुस या सर्वांचे हात तिला लागले आहेत. त्यांतला एक हात मुद्दाम झाकला गेला होता, एवढे सांगितले तरी पुरेसे आहे.

१४/
व्हिएन्नाच्या संग्रहालयातील ती गाडी जगातली पहिली मोटार नाही. तिने एक हुकूम पचवला आणि एक खोटे कौतुकही पचवले. तिच्यासमोर उभे राहणाऱ्याने तिचे साल नीट वाचावे, आणि मग तिच्या कर्त्याचे नावही.