आठवणीसकट आवडलेली कविता

आवडती कविता कोणती, असं विचारलं की माणसं कवितेबद्दल बोलता बोलता दुसऱ्याच वाक्याला शाळेतल्या बाईंवर, आजोळावर नाहीतर सकाळच्या रेडिओवर येतात. काटेकोर समीक्षेला हे मुळीच रुचत नाही. कवितेचा कस कवितेतच शोधावा, वाचणाऱ्याच्या आयुष्यात नव्हे, असं ती बजावते. माझ्या आवडत्या कविता एकेक करून तपासताना मला मात्र असं वाटत आलं आहे, की आठवण कवितेला उगाच चिकटत नाही. कवितेच्या रचनेतच तिला जागा ठेवलेली असते, आणि म्हणून कवितेचा कस ठरवताना आठवणीचीही साक्ष काढली पाहिजे.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. अवघ्या आठ ओळी. आधी झरा, मग टेकडीकडचं इवलंसं गाव, त्याच्या पुढे शेतं, शेतांमधून वाकडीतिकडी निघालेली पायवाट, आणि वाट जिकडे जाते तो काळा डोह. डोहाशी औदुंबर. हिरवा, निळा, पांढरा असे रंग मोकळेपणानं मांडत आलेली ही कविता शेवटी काळ्यापाशी येऊन थांबते आणि का थांबली ते सांगत नाही. तिच्यात एकही माणूस वावरताना दिसत नाही, गावाला नाव नाही, कवी आपलं सुखदुःख उघड करत नाही. त्यामुळेच वर्गात ती म्हणणाऱ्या मुलाला तिथे स्वतःचं गाव बसवता येतं. कोकणातल्या मुलाच्या मनात व्हाळ असतो, देशावरच्या मुलाच्या मनात ओढा, आणि दोघांचंही चित्र कवितेला मानवतं. लहानपणी तो डोह म्हणजे नुसतं खोल पाणी असतं. मोठेपणी, १९१८च्या मे महिन्यात भादलीजवळच्या रेल्वे अपघातात बालकवी तिशीच्या आतच गेले हे ठाऊक झाल्यावर, त्याच डोहाकडे पाहताना मन कचरतं. पण जुनं चित्र पुसलं जात नाही. दोन्ही वाचनं शेजारी शेजारी राहतात, आणि कवितेचा अर्थ त्या दोहोंतल्या अंतरात वाढत जातो. समीक्षक या कवितेचे निरनिराळे अर्थ लावत आले आहेत. साध्या वाचकाच्या मनातही वयागणिक तेच घडतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो मर्ढेकरांच्या बाजूनं. ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये त्यांनी कलाकृतीचं मूल्य तिच्या अंगभूत लयीत शोधलं, वाचकाच्या खासगी भावनांना तिथे थारा नाही. त्यांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. आठवण कितीही हळवी असली तरी तिनं सुमार कविता चांगली होत नाही. पण त्याच बाकावर, त्याच वर्षी पाठ केलेलं बाकीचं कितीतरी विसरून गेलं आणि ठरावीक कविताच का उरल्या, याचं उत्तर अखेर त्या कवितांच्या लयीतच सापडतं. म्हणजे मर्ढेकरांचं तत्त्व इथे आठवणीच्याच कामी येतं. कोणी म्हणेल, रेडिओवरच्या जाहिरातीही तोंडपाठ असतात, मग त्याही थोर का? आक्षेप चोख आहे. फरक इतकाच, की जाहिरात दहाव्या वर्षी जे सांगते तेच पन्नासाव्या वर्षी सांगते. ‘कणा’ ही कविता तशी नाही. शाळेत ती पुरात घर गेलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट म्हणून कळते. पुढे ज्यानं स्वतः पडझड सोसली आहे त्याला त्या विद्यार्थ्याचं हसणं ऐकू येतं, आणि पैसे न मागता ‘सर’ म्हणून हाक मारण्यात केवढा भरवसा असतो तेही कळतं.

कविता कागदावर पूर्ण असते, आठवण ही बाहेरून आलेली भर, हे गृहीतकही मराठीत फारसं टिकत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करताना त्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी जे टिपून ठेवलं तेवढंच आपल्या हाती आलं, आणि त्यांचा संग्रह आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली, त्या गेल्यानंतरच्या वर्षी छापला गेला. त्यांच्या कवितेला कागदाआधी माणसांची स्मृतीच आधार होती. भा. रा. तांब्यांच्या कितीतरी ओळी घराघरांत पोचल्या त्या वसंत प्रभूंच्या चालींतून आणि लता मंगेशकरांच्या आवाजातून. ज्यांनी त्या आधी ऐकल्या, त्यांना पुस्तकातही तो आवाज बाजूला सारता येत नाही. सारावा तरी कशाला?

एक तक्रार मात्र मला खोडता येत नाही. ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ आणि रिकाम्या जागा भरा, यांनी असंख्य मुलांची कविता कायमची नासवली. तिथेही आठवण चिकटलीच, पण धास्तीची. दोष पाठांतराला देतात, तो मला पटत नाही. मुलाच्या कानात कविता मुरण्याआधीच तिचा अर्थ विचारला जातो, तिथे घात होतो. तेव्हा जून महिन्यात बालभारतीचं नवं पुस्तक घरात येईल, त्या संध्याकाळी त्यातली एखादी कविता मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. अर्थ विचारू नका.