अंगठ्याचा ठेका

अमेरिकेच्या दक्षिणेतला ब्लूज म्हटला की कानात आधी खरखरीत गळे येतात. चार्ली पॅटन, सन हाउस. पोटातलं सगळं ओरडून मोकळे होणारे. मिसिसिपी जॉन हर्ट त्यांच्याच मिसिसिपी राज्यातला, पण हा माणूस आवाज चढवतच नाही. समोर एकच श्रोता बसलाय, अशा बेताने गातो.

त्याचं गाव ॲव्हलॉन. डेल्टाची सपाट जमीन संपून टेकड्या सुरू होतात, तिथली लहानशी वस्ती. लहानपणी शाळेच्या बाई हर्टच्याच घरी राहायच्या आणि त्यांना भेटायला येणारे एक गृहस्थ गिटार वाजवायचे. ते झोपले की हा पोरगा गिटार गुपचूप उचलायचा. कुणाला जाग येऊ नये म्हणून हलक्या हाताने वाजवायची सवय तिथेच लागली असावी, असं मला आपलं वाटतं. रीतसर शिकवणारं कुणी नव्हतंच.

ऐकण्यासारखा आहे तो त्याचा उजवा हात. अंगठा खर्जाच्या तारांवर आलटूनपालटून पडत राहतो, जराही न ढळता. वरच्या तारांवर बोटं चाल वाजवतात. ती मात्र मनमौजी, कधी मात्रेच्या किंचित आधी येतील, कधी मात्रा ओलांडून. जात्याचा फेरा एकसारखा चालावा आणि वर ओवी हवी तशी लांबावी, तसं. नवख्याला वाटतं, दोघं जण वाजवताहेत. गावातल्या नाचगाण्यांना एकट्याने वाजवायचं, तर पायांना ताल देणार कोण? अंगठाच.

शेजारपाजारच्या विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकाने त्याचं नाव ओके या रेकॉर्ड कंपनीला सुचवलं. १९२८ साली आधी मेम्फिसला, मग डिसेंबरात न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रण झालं. त्या अफाट शहरात त्याला गावाची आठवण येऊ लागली, म्हणून त्याने ॲव्हलॉनवरच गाणं रचलं आणि गावाचं नाव त्यात घालून टाकलं. रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत. पुढच्याच वर्षी मंदी आली. हर्ट शेतावर परतला.

१९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स हा तरुण त्या गाण्यातल्या नावाचा माग काढत त्याच्या दारात पोचला. हर्टला वाटलं, एफबीआयचा माणूस आला! हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ती. त्याच वर्षी पुढे त्याच राज्यात नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर गोळी घातली गेली. काळ्या माणसाने दारातल्या अनोळखी गोऱ्याला बिचकणं हा शहाणपणाच होता. लोक मात्र अजून सांगतात, हरवलेला कलावंत सापडला. हरवला कुठे होता? स्वतःचा पत्ता तो पस्तीस वर्षांपूर्वीच गाऊन बसला होता.

त्याच वर्षी उन्हाळ्यात तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला, मग वॉशिंग्टनच्या कॉफीघरांत. त्याच्या कॉफीवरच्या गाण्यातून एका पॉप बँडने आपलं नाव उचललं, ‘द लव्हिन स्पूनफुल’. त्यांच्या रेकॉर्डी धडाक्यात खपल्या. हर्टला हे सगळं जेमतेम तीन वर्षं लाभलं. नोव्हेंबर १९६६ मध्ये मिसिसिपीतच तो गेला.

१९२८ ची रेकॉर्ड आणि साठच्या दशकातली, अशा दोन्ही लागोपाठ लावून पाहाव्यात. गळा थकलाय, अंगठा नाही. गिटार शिकणारी मुलं आजही त्याच्या चाली बसवतात. सूर बरोबर लागतात, पण दुसऱ्या कडव्यापर्यंत अंगठा पळायला लागतो.