जिन्याजवळचा माणूस

क्रूझवर जाऊन आलेली माणसं दोन गोष्टींबद्दल हटकून बोलतात : जेवण आणि कप्तान. जेवणाबद्दल इथं काही सांगत नाही, होस्टेलच्या मेसमधे जेवणाऱ्यांना उगाच त्रास. कप्तानाबद्दल मात्र गेल्या दोन महिन्यांत मी इतकं वाचलंय, की घरात मला आता ‘कॅप्टन’ म्हणूनच हाक मारतात.

कारण साधं आहे. दादाला क्रूझवर वेटरची नोकरी लागली. नोव्हेंबरात जॉइनिंग आहे.

बेळगावला समुद्र नाही. आमच्याकडं पाणी म्हणजे राकसकोपचं, तेही नळाला येईल तेव्हा. पण आमचं घर मूळचं गोव्याचं आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा माणूस, नसेल असं सहसा होत नाही. आजोबा बोट मिळेपर्यंत मुंबईला धोबी तलावाजवळच्या गावच्या कुडीत राहायचे. कूड म्हणजे एकेका गावानं आपल्या माणसांसाठी चालवलेली खोली : भिंतीला ट्रंका, मधे अल्तार, संध्याकाळी सगळ्यांची रोजरी. पप्पांनी एकोणीस वर्षं क्रूझच्या डायनिंग रूममधे काढली. आता पाठ धरते म्हणून घरी आहेत. म्हणजे दादा तिसरा. मम्मीनं यावर अजून एक शब्द काढलेला नाही, आणि तेच जास्त जाणवतं.

मी वाचायला लागले ते प्रवाशांचे अनुभव. बिस्केचा उपसागर, दक्षिण अमेरिकेच्या टोकाखालचं ड्रेक पॅसेज, हिवाळ्यातलं उत्तर अटलांटिक. सगळ्यांचे तपशील आश्चर्य वाटावं इतके सारखे. आधी जिन्यांच्या कठड्यांना ओकारीच्या कागदी पिशव्या खोचलेल्या दिसतात. मग पोहण्याच्या तलावातलं पाणी काढतात किंवा वर जाळी ओढतात. डेकची दारं बंद. रात्री कपाटातले हँगर एकमेकांवर आपटत राहतात, भिंती करकरतात, आणि आपण पलंगावर झोपलोय की पलंग आपल्याला झोके देतोय ते कळत नाही. कुणी आलं चघळतो, कुणी हिरवं सफरचंद खातो. जाणते सांगतात की केबिन घ्यायची तर जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर. बाल्कनीवाली वरची, पुढची, महागडी केबिनच सगळ्यात जास्त हलते. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली माशाच्या परासारखी पंखं असतात. त्यांनी आडवं डोलणं कमी होतं, पण पुढचं टोक वर जाऊन धाडकन खाली बसतं त्याला ती काही करू शकत नाहीत.

आणि मग स्पीकरवर कप्तानाचा आवाज येतो. प्रवाशांना समुद्र वाचता येत नाही, म्हणून ते आवाज वाचतात. लाटा किती मीटरच्या, वारा किती, कधीपर्यंत चालेल, हे शांतपणे सांगणारा कप्तान त्यांना आवडतो. एखादा विनोद केला तर फारच. पप्पांना हे वाचून दाखवलं तर ते हसले. “काय वाचूलीस गं हे? आवाज काय, चांगला कुणाचाही असतो. तो बंदर कधी सोडतो ते बघायचं.”

सोडतो म्हणजे रद्द करतो. वारा जास्त असेल तर कप्तान ठरलेल्या बंदरात शिरतच नाही, दुसरा रस्ता धरतो, वेग कमी करतो. त्या दिवशी प्रवासी चिडतात. पैसे भरलेत, बेट बघायचं होतं. डायनिंग रूममधे ते सगळं वेटरला ऐकावं लागतं. पप्पा म्हणतात, ज्या कप्तानावर लोक सगळ्यात जास्त कुरकुरले, त्याच्या बोटीवर मला सगळ्यात चांगली झोप लागली.

हे ऐकताना मला जोसेफ कॉनरॅडची १९०२ सालची ‘टायफून’ आठवली. कॉनरॅड स्वतः व्यापारी जहाजांवर काम केलेला, कप्तानपदाची परीक्षा पास झालेला माणूस. त्याचा कप्तान मॅकव्हर याच्या बरोब्बर उलटा. समोर वादळ आहे हे कळूनही तो वळसा घालत नाही, कारण न पाहिलेल्या वादळासाठी जादा कोळसा जाळायचा हे त्याच्या डोक्यात बसत नाही. वर्गात आपण त्याच्या धीराबद्दल आणि मठ्ठपणाबद्दल भरपूर बोललो. मला मात्र त्या ‘नान-शान’ जहाजावरचे प्रवासी राहून राहून आठवतात. दोनशे चिनी मजूर, तळघरात कोंडलेले. वर्षानुवर्षांच्या कमाईचे चांदीचे डॉलर पेट्यांतून फुटून सगळीकडे घरंगळतात आणि अंधारात ते एकमेकांच्या अंगावर पडत राहतात. वादळ त्यांनाही लागलं, पण ते कसं लागलं हे त्यांच्या तोंडून आपल्याला कळत नाही. शेवटी मॅकव्हर सगळे पैसे गोळा करून सारखे वाटतो आणि उरलेले तीन डॉलर सगळ्यात जास्त जखमी झालेल्या तिघांना देतो. मठ्ठ माणसाला एवढं सुचलं, हे काही कमी नाही.

आताच्या बोटीवर तळघरात मजूर नसतात, कामगार असतात. पाण्याच्या पातळीजवळ, पुष्कळदा पुढच्या टोकाकडे, खिडकी नसलेल्या खोलीत दोघं. तिथं बोट आपटली की थेट डोक्याशी ऐकू येतं. आजारी पडलं तरी सहा वाजता नाश्त्याला उभं राहायचं. प्रवाशांच्या आठवणींत तो वेटर येतो तो असा : “आमचा वेटर मात्र हसतच होता.”

२३ मार्च २०१९ला नॉर्वेच्या किनाऱ्यावर हुस्ताडविका नावाच्या खडकाळ भागात ‘व्हायकिंग स्काय’ची इंजिनं बंद पडली. टाक्यांमधे वंगणाचं तेल कमी होतं. बोट एवढी डोलली की पंपांना ते ओढता येईना. १३७३ माणसं वर, बोट खडकांकडे सरकतेय. खुर्च्या, टेबलं, कुंड्या एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे जातायत, छताच्या पट्ट्या लोकांवर पडतायत. कप्तानानं मदतीची हाक दिली, नांगर टाकले आणि हेलिकॉप्टरनं माणसं उचलायला सुरुवात झाली. ४७९ जण, दोराला लटकवून, रात्रभर. बरेचसे म्हातारे. बोट जवळजवळ खडकाला टेकली होती, तेवढ्यात इंजिनं परत चालू झाली.

तेल कमी का होतं, हा प्रश्न मी पप्पांना विचारला. ते म्हणाले, “त्याचं उत्तर समुद्रात नसतं, ऑफिसात असतं.”

‘ओशनोस’ची गोष्ट याहून विचित्र. ऑगस्ट १९९१, दक्षिण आफ्रिकेचा किनारा, वादळ. ग्रीक बोटीत पाणी शिरलं, वीज गेली. लाउंजमधे कलाकार गाणी म्हणून प्रवाशांना धीर देत होते. मॉस हिल्स नावाचा गिटारवादक काय चाललंय ते बघायला ब्रिजवर गेला, तर तिथं कुणीच नाही. त्यानंच रेडिओ उचलला. पलीकडून हुद्दा विचारल्यावर त्याला सांगावं लागलं की आपण अधिकारी नाही, गिटार वाजवतो. कप्तान यानिस आव्रानास प्रवासी बोटीवर असतानाच हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावर गेला. मदतीची व्यवस्था करायला गेलो, असं त्याचं म्हणणं. गिटारवादक, जादूगार अशा लोकांनी दोर बांधून एकेकाला वर पाठवलं. बोट बुडाली. साडेपाचशेहून जास्त माणसांतला एकही मेला नाही.

असं काही वाचलं की मला प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय आठवतो. चर्चमधे आपण त्यातून श्रद्धेचा भाग घेतो, पण तो आधी एका प्रवाशाचा अनुभव आहे, ‘आम्ही’ असं म्हणून लिहिलेला. पौल कैदी आहे. पुढे जाऊ नका म्हणतो. शताधिपती त्याच्यापेक्षा सुकाणूवाल्यावर आणि बोटीच्या मालकावर विश्वास ठेवतो, जे अगदी स्वाभाविक आहे. मग चौदा रात्री वादळ. शेवटी खलाशी नांगर टाकण्याचं निमित्त करून होडी पाण्यात सोडतात आणि पळू बघतात. पौल ते सांगतो, शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. बोट फुटते आणि २७६ माणसं पोहत, फळ्यांवर तरंगत माल्टाला लागतात. सगळीच्या सगळी. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी होडीत आधी कोण बसतं हाच प्रश्न होता.

‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’बद्दल मी लिहिणार नव्हते. १३ जानेवारी २०१२च्या रात्री समुद्र शांत होता. जिल्यो बेटाला जवळून सलामी द्यायची म्हणून बोट किनाऱ्याच्या फार जवळ नेली आणि ती खडकावर घासली. सुमारे ४२०० माणसं होती. ३२ गेली. कप्तान फ्रान्चेस्को स्केत्तीनो लोक आत असताना बोटीबाहेर होता, त्याला सोळा वर्षांची शिक्षा झाली. हे सगळ्यांना माहीत असतं. त्या बत्तीसमधला एक मुंबईकडचा वेटर होता, हे कमी लोकांना माहीत असतं. बोट उभी केली, ओढून जिनोआला नेली, तोडायला घेतली, तेव्हा नोव्हेंबर २०१४मधे एका केबिनमधे तो सापडला. सगळ्यात शेवटी. जवळजवळ दोन वर्षं दहा महिने त्याचा भाऊ इटलीला खेपा घालत होता. मी त्या भावाबद्दल वाचत होते तेव्हा शेजारच्या खोलीत दादा बॅगेचं वजन करत होता. तेवीस किलो होतं का ते बघत होता.

त्या अपघातानंतर नियम बदलला. आता प्रवाशांची सुरक्षेची कवायत बोट निघण्याआधी किंवा निघताच घ्यावी लागते. प्रवाशांना ती कंटाळवाणी वाटते, अनुभवांत ती एका ओळीत संपते. पण त्या कवायतीत जिन्याजवळ जाकीट घालून उभा असलेला आणि इकडून जा म्हणणारा माणूस बहुतेकदा वेटर असतो, नाहीतर केबिन साफ करणारा. पप्पा एकोणीस वर्षं असे जिन्याजवळ उभे राहिले. शेवटचा प्रवासी गेल्याशिवाय जिना सोडायचा नाही. दादानं कोर्समधे लाइफ जाकीट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायला शिकलंय, आग विझवायला शिकलंय. कुठला जिना मिळणार ते बोटीवर गेल्यावर कळेल.

मागच्या रविवारी मिसाहून आल्यावर पप्पांनी जेवणाचं टेबल मोकळं करायला लावलं. चादर पाण्यात बुडवून पिळली आणि टेबलावर अंथरली. त्यावर प्लेटा, ग्लास मांडले. मग एका बाजूनं टेबल उचललं, हळूहळू, चांगलं वीतभर. एकही प्लेट हलली नाही. दादाला म्हणाले, “बघ. कोरड्या चादरीवर सगळं तुझ्या पायावर येतं.” दादानं स्वतः दोनदा करून बघितलं.

मम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लग्नातला ग्लासचा सेट होता तो. म्हणाली, “प्लेटा सांभाळायचं झालं शिकवून. आता जिना कधी सोडायचा तेपण सांगा त्याला.”

पप्पांनी टेबल खाली ठेवलं आणि ग्लास एकेक करून उचलून पुसायला लागले.