डावी बाजू

चि. सोनूस,



काल दादाचा, तुझ्या बाबांचा, फोन आला. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तुझ्या बाळाची एकच किडनी दिसली. तुम्ही दोघंही तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले तेव्हापासून तू गप्प आहेस. ‘आपल्याकडूनच आलं असं निघालं तर सासरी काय तोंड दाखवू’, हे तुझं एवढंच बोलणं दादाकडून ऐकून रात्रभर डोळा लागला नाही.

आज सकाळीच मी सोनोग्राफी करून आले. डॉक्टरीणबाईंनी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. पुन्हा ते गार जेल लावलं, कुशीवर वळवलं, श्वास धरायला लावला. मग हळूच म्हणाल्या, “काकू, कधी किडनी काढलीय का?” सोनू, मला डावी किडनी नाहीच. एकसष्ट वर्षं एकीवर निघाली आणि ती एकटी चांगली मोठी झालीय.

गर्भाशयही माझं एकाच बाजूचं निघालं. पोटात असताना किडनी आणि गर्भाशय दोन्ही शेजारी-शेजारी घडतात. एकात चूक झाली की दुसऱ्यातही होऊ शकते. त्यामुळेच असावं, माझी दोन बाळं पाचव्या महिन्यात गेली. कुणी म्हणालं जड उचललं, कुणी म्हणालं उपास केले, आणि मीही ते खरं मानलं. माझ्या किडन्या बघायचं तेव्हा कुणालाच सुचलं नाही.

साधारण हजारात एखादं बाळ असं एकाच किडनीचं जन्मतं. बहुतेकांच्या घरात दुसरं कुणी नसतं. पण काही घराण्यांत हे पिढ्यांतून येतं. जनुकातला दोष तोच, पण एकाला किडनी नसते, दुसऱ्याची लहान असते, तिसऱ्याला काहीच कळत नाही. तसा दोष आई किंवा बापात असला, तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. आपलं तसं आहे का, हे दादाला आणि तुला तपासल्याशिवाय कळायचं नाही. धाकट्या बहिणीलाही सांग, तिचं लग्न ठरतंय म्हणून लपवू नकोस.

बाळाचा रक्तदाब आणि लघवी दरवर्षी तपासायची, दुखण्याच्या गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत. मुलगी झाली तर पाळी सुरू व्हायच्या सुमारास गर्भाशय बघून घ्या. माझ्यासारखं तिला उशिरा कळायला नको.

सोमवारी दादाला मी घेऊन जातेय. माझा रिपोर्ट सोबत पाठवलाय. सासूबाईंना काही दाखवायची वेळ आलीच, तर आधी तो दाखव.

तुझी,
आत्या