उलट्या छपराची शाकारणी

अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनेटोंका तळ्यावर पाँटून बोटीत बसलेल्या पाहुण्याला गुबगुबीत बाकं दिसतात, काठावरचे गडगंज बंगले दिसतात. मग शेजारून एखादी दांडगी मोटरबोट जाते, तिची लाट येते आणि पायांखाली थाड थाड थाड सुरू होतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या आत्याने बाक घट्ट धरून विचारलं, "अरे, फुटली की काय रे ही?" "नाही गं आत्या, असंच वाजतं," हे काही उत्तर नव्हे, आणि दर पाहुण्याला तेच सांगून मी कंटाळलो होतो. म्हणून यंदा बर्फ वितळल्यावर आम्ही डेकखाली अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मारला.

पाँटून म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे दोन हवाबंद नळे, त्यांवर सोळा किंवा चोवीस इंचांवर आडवे चॅनेल, वर प्लायवूड आणि त्यावर गालिचा. हा प्रकार इथलाच. मिनेसोटातल्या रिचमंड गावच्या अँब्रोज वीअर्स या शेतकऱ्याने १९५२ साली पोलादी पिंपांवर लाकडी फळ्या ठोकून ते पाण्यात सोडलं, तिथून याचा धंदा झाला. कल्पना शेतकऱ्याची, त्यामुळे कामाला चोख. देखणेपणाबद्दल मी काही बोलत नाही.

आवाजाचं मूळ त्या चॅनेलमध्ये आहे. दोन नळ्यांच्या मधल्या जागेतून उसळलेलं पाणी एकेका चॅनेलच्या कडेवर आपटतं. वाजतंही आणि बोटीला मागेही ओढतं. खालून सपाट पत्रा असला की तेच पाणी घसरून मागे निघून जातं. ताशी मैल-दोन मैल वेग वाढतो, असं इथले लोक कौतुकाने सांगतात. त्या दोन मैलांचं मला काय लोणचं घालायचंय?

पाठीखाली पुठ्ठा टाकून ट्रेलरखाली आडवा झालो आणि मला आमचं चिपळूणचं घर आठवलं. मे महिन्यात घर शाकारताना कौलं वळचणीपासून आढ्याकडे लावत नेतात. आढ्याकडचं कौल खालच्या कौलावर चढतं, म्हणून पाणी सांध्यात न शिरता पुढे जातं. पाँटूनचा तळ म्हणजे तेच छप्पर, फक्त उलटं. इथे पाऊस खालून येतो आणि पुढून मागे वाहतो, म्हणजे बोटीचं नाक हे आढं आणि इंजिन ही वळचण. तेव्हा पहिला पत्रा इंजिनाकडे लावायचा, मग नाकाकडे सरकत जायचं, आणि दर नव्या पत्र्याची मागची कड आधीच्या पत्र्याच्या खाली, म्हणजे पाण्याच्या बाजूला, दोन-तीन इंच येऊ द्यायची. हा क्रम चुकला तर पाणी प्रत्येक सांध्यात शिरून पत्रा सोलून काढतं. कौलं चाळणाऱ्या आमच्या गड्याला हे दाखवलं असतं तर त्याने उताणं पडून तासाभरात उरकलं असतं.

विषय निघालाच आहे तर बाकीचंही सांगतो. चार बाय आठ फुटांचा मिलिमीटरभर जाडीचा पत्रा जेमतेम आठ किलोचा, पण डोक्यावर धरून स्क्रू मारायचा तर दुसरा माणूस हवाच. मिश्रधातू ५०५२ घ्यावा, स्क्रू स्टेनलेसचे. नाकाकडची कड उघडी ठेवू नये. ती पहिल्या चॅनेलला आतून वळवून पक्की करावी. पत्रा चढवण्याआधी वायरिंग आणि इंधनाची नळी नीट बांधून घ्यावी, कारण नंतर तिथे हात जात नाही. सांधे सिलिकॉनने बुजवायचा मोह आवरावा. आत पाणी जाणारच, त्याला बाहेर यायला वाट हवी. इथे हा कायद्याचाही मामला आहे: २०१० साली या तळ्यात पाण्याबरोबर पसरणारे झेब्रा शिंपले सापडले, आणि या राज्यात तळं सोडताना बोटीतलं पाणी काढून टाकावंच लागतं.

आणि प्लायवूड बघावं. २००३ अखेर इथल्या घरगुती वापराच्या, कुजू नये म्हणून औषध दिलेल्या लाकडातून आर्सेनिक गेलं आणि त्याजागी तांबेप्रधान औषधं आली. तसं लाकूड ओलं झालं की त्यातलं तांबं अ‍ॅल्युमिनियम खातं. आमच्या जुन्या फळीखाली चॅनेलवर खडूसारखी पांढरी भुकटी जमली होती, बोट लावलं की खाली खड्डा लागे. अशा डेकचं ठिबकणारं पाणी नव्या पत्र्यावर घेण्यापेक्षा आधी मरीन प्लायवूड घालावं.

पत्रा नको म्हणणाऱ्यांचंही खोटं नाही. पंचवीस-तीस हॉर्सपॉवरवर गळ टाकत डुलत जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग? शिवाय पुढेमागे डेकचे बोल्ट काढायचे तर आधी पत्रा उतरवा. ज्याची त्याची निवड, हे मला मान्य आहे.

फक्त मोठं इंजिन लावलेल्या नव्या कोऱ्या बोटीवरही हा पत्रा जास्तीचे पैसे घेऊन लावतात, ते पटत नाही. कप ठेवायचे खळगे फुकट आणि छपराचे पैसे वेगळे, असं घर कोकणात कुणी विकायला काढलं असतं तर त्याला ओटीवरसुद्धा चढू दिलं नसतं.