पलूसचा गहू आणि गावचा बंब

वाचकहो, पलूस म्हटले की तुम्हाला सांगली जिल्ह्यातले पलूस आठवेल. मी सांगतो आहे ते पलूस अमेरिकेच्या वायव्य भागात, वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व अंगाला आहे. नावाचा सारखेपणा निव्वळ योगायोगाचा. २०२२ च्या ऑगस्टात भाच्याकडे पुलमन गावी गेलो होतो, तेव्हा हा मुलूख आठ दिवस हिंडून पाहिला.

वाऱ्याने आणून टाकलेल्या मातीच्या टेकड्या लाटांसारख्या पसरल्या आहेत. त्यांवर गहू, मसूर, हरभरा, आणि बहुतेक सारे पावसाच्याच ओलीवर. गव्हाची पेरणी पावसाळ्यापूर्वी नव्हे, हिवाळ्यापूर्वी होते. रोप बर्फाखाली राहते आणि काढणी येते ती ऐन कोरड्या ऑगस्टात. पीक वाळून खडखडीत झालेले असते. हार्वेस्टरचे बेअरिंग तापले किंवा पाते दगडावर घासले, की ठिणगी पडलीच. कडब्याची गंजी पेटल्यावर काय होते ते तुम्ही पाहिले असेल. माझ्या नोकरीत मी अशा गंज्या पाहिल्या. तालुक्याचा बंब आला तेव्हा विझवायला राख तेवढी उरली होती. येथे तर आख्खी टेकडीच गंजी.

म्हणून एका सत्तरीच्या शेतकऱ्याला मी विचारले, "तुमच्याकडे बंब कोठून येतो?"

"कोठून म्हणजे? आमचाच आहे," ते म्हणाले.

गावाबाहेरच्या शेतवस्त्यांनी मते देऊन आपला अग्निशमन विभाग उभा केलेला असतो. त्याचा कारभार लोकांनी निवडलेले आयुक्त पाहतात. आमचे हे म्हातारबुवा तीन आयुक्तांपैकी एक. बंबावर जाणारे बहुतेक जण शेजारचेच शेतकरी, दुकानदार, पगार नाही. पैसा लागतो तो गाडी, डिझेल, पाइप, अंगावरचे जाड कपडे आणि शिक्षण यांसाठी. तो घर-जमिनीच्या करातून येतो. दर हजार डॉलर किमतीला जास्तीत जास्त दीड डॉलर. म्हणजे दोन लाखांच्या घराला वर्षाला ३०० डॉलर. शेतजमिनीची किंमत मात्र अर्ज केल्यास बाजारभावाने न धरता पिकाच्या उत्पन्नावर धरतात. नाहीतर कुळवाखालची जमीन करातच जायची! रुग्णवाहिकेची पट्टी वेगळी, हजाराला ५० सेंटपर्यंत. ती पहिल्यांदा बसवायची तर शंभरातली साठ मते लागतात.

खरी मेख पुढे आहे. नवी बांधकामे सोडली तर या कराची एकूण वसुली वर्षाला एक टक्क्याहून जास्त वाढवता येत नाही. डिझेल दहा टक्क्यांनी महागले तरी वाढ एकच टक्का. मग काही वर्षांनी विभाग लोकांपुढे जातो आणि जास्त कर मागतो. मतपत्रिका टपालाने घरी येते. निम्म्याहून अधिक लोक 'हो' म्हणाले तरच कर वाढतो.

"आमचा ठराव एकदा पडला," म्हातारबुवा म्हणाले. "शेजारच्या विधवा बाईंनी माझ्या तोंडावर सांगितले की मी विरोधात मत दिले. पेन्शन तेवढीच, आणि कर सगळ्यांचेच वाढतात." कमी उत्पन्नाच्या वृद्धांना करात सूट आहे, पण त्यांचे उत्पन्न मर्यादेच्या जरासे वर होते. त्या बाई चुकल्या असे मला वाटले नाही. पण जुना बंब तसाच राहिला, आणि विमा कंपन्या विभागाच्या तयारीला १ ते १० असे आकडे देतात. आकडा चढला की घराचा विमाही महागतो. दोन वर्षांनी, भर कमी मागून, ठराव मंजूर झाला.

कर नको, ज्याने त्याने वर्गणी द्यावी, असे तुम्ही म्हणाल. टेनेसी राज्यात एका ग्रामीण भागात तसे होते. वर्षाला ७५ डॉलर. २०१० साली वर्गणी न भरलेल्या एकाचे घर पेटले. बंब आला, उभा राहिला, आणि वर्गणी भरलेल्या शेजाऱ्याच्या शेताकडे आग सरकली तेव्हाच पाणी सोडले. घर जळून गेले.

म्हातारबुवांनी मला माल्डन गावीही नेले. दोन-अडीचशे वस्तीचे गाव. ७ सप्टेंबर २०२० रोजी सोसाट्याच्या वाऱ्यात, वीजतारेला झाडाची फांदी लागून आग सुटली. गावातल्या शंभरापैकी ऐंशी इमारती जळाल्या. टपाल कचेरी गेली, बंबाचे ठाणेही गेले. मी गेलो तेव्हा काही घरे नवी उभी राहत होती, कोठे नुसता चौथरा आणि धुराडे. "असल्या वाऱ्यापुढे आमचा बंबही काही करणार नाही, हे मी मत मागताना सांगतो," ते म्हणाले. मत मागणारा माणूस असे बोलतो, याचेच मला नवल वाटले.

शेवटच्या संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. कमरेचे यंत्र वाजले. शेजारच्या टेकडीवर धूर होता. ते घास टाकून उठले. मुलगा ट्रॅक्टरला तव्यांचा कुळव जोडूनच ठेवलेला होता, तो घेऊन आगीभोवतीची पट्टी नांगरायला निघाला. बाईंनी दोन्ही ताटे झाकून ठेवली आणि मला आणखी भाकरी, म्हणजे त्यांचा पाव, वाढू लागल्या.