कुंडलिकेच्या काठी ज्येष्ठांसह एक मुक्काम

रायगड जिल्ह्यातील कोलाड परिसरात कुंडलिका नदीच्या तीरावर तंबूंच्या अनेक वसाहती आहेत. तंबू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सतरंजी, कंदील आणि उघड्यावरचा विधी येतो. येथील अनेक तंबूंत मात्र पलंग, गादी, पंखा आणि लागूनच स्वच्छतागृह असते. अशा सुखसोयींच्या तंबूमुक्कामाला ‘ग्लॅम्पिंग’ असे नाव मिळाले आहे. घरातील तरुण मंडळी तेथे जाण्याचा बेत आखतात, तेव्हा आजी-आजोबांचे काय करायचे, हा प्रश्न पुढे येतो. पुष्कळदा तो त्यांच्या अपरोक्षच सोडवला जातो: ‘त्यांना झेपणार नाही.’ कधी ज्येष्ठ स्वतःच म्हणतात, ‘तुम्ही जाऊन या, माझा कशाला व्याप?’ हे दोन्ही निर्णय प्रेमापोटीच घेतलेले असतात. पण नीट आखणी केली, तर अनेकदा दोन्हींची गरज उरत नाही.

ही आखणी स्थळांची नसून तासांची असते. नदीचे एक वेळापत्रक असते आणि वयस्क शरीराचेही असते. ती दोन्ही जाणून जो बेत ठरतो, तो सहसा सुखरूप पार पडतो.

नदीचे वेळापत्रक

सह्याद्रीत उगम पावून कोलाड, रोहा या मार्गाने रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळणारी कुंडलिका कोकणातील इतर नद्यांसारखी उन्हाळ्यात आटत नाही. याचे कारण भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रात आहे. घाटमाथ्यावर मुळशीच्या धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून खाली आणून तेथे वीज निर्माण केली जाते. हे केंद्र १९२७ पासून कार्यरत आहे. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह उभारला आणि पुढे त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती बापट’ म्हणून ओळखले जाऊ लागले. भीमा आणि कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे गेले असते, ते पाणी आज कुंडलिकेतून पश्चिमेला वाहते. पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोलाडला येणाऱ्या प्रवाशाला वर मुळशीचा जलाशय दिसतो आणि खाली उतरल्यावर त्याच पाण्याचा प्रवाह भेटतो. घरातील ज्येष्ठांना हा इतिहास आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असण्याचा संभव आहे. वाटेत त्यांना अवश्य बोलते करावे.

आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की वीजनिर्मितीनंतरचे पाणी नदीत येते तेव्हा तिची पातळी थोड्या वेळात वाढते. रबरी तराफ्यांचा खेळ बहुधा सकाळी चालतो तो याच पाण्यावर. दुपारी कोरडे दिसणारे खडक सकाळी पाण्याखाली असू शकतात. म्हणून पात्रातील दगडांवर खुर्ची टाकून बसू नये. पाणी केव्हा येते आणि कुठवर चढते, हे तंबूचालकांना पोहोचताच विचारून घ्यावे. शेवाळलेल्या दगडावर तोल सांभाळणे तरुणांनाही कठीण जाते. नदीच्या पाण्याला हात लावण्याची ज्येष्ठांची इच्छा असेल, तर तांब्या-बादलीने पाणी त्यांच्या खुर्चीपाशी आणावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

मुक्कामासाठी नोव्हेंबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात नदी, चिखल आणि डास हे तिन्ही ज्येष्ठांना प्रतिकूल असतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तंबू तापतो.

शरीराचे वेळापत्रक

प्रवासात अनेक ज्येष्ठ पाणी पिणे बंद करतात, आणि तेही कोणाला न सांगता. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, गाडी थांबवायला सांगावे कसे, हा संकोच त्यामागे असतो. त्यातून निर्जलीकरण, चक्कर, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग उद्भवू शकतो. यावर उपदेशाचा उपयोग होत नाही. दर दीड तासाने गाडी थांबेल, असे निघण्यापूर्वीच जाहीर करावे आणि थांबल्यावर प्रथम तरुणांनीच स्वच्छतागृहाकडे जावे. पाय मोकळे झाल्याने घोट्यांची सूजही कमी राहते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून ती बंद करू नये.

दुसरा प्रश्न जेवणाचा. अशा वसाहतींत सायंकाळी शेकोटी, संगीत आणि मग उशिरा जेवण असा क्रम असतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीला हा उशीर महागात पडू शकतो. घाम, थरथर, गोंधळ ही साखर उतरल्याची चिन्हे असू शकतात. तंबू राखून ठेवतानाच ‘एक ताट साडेसातला, मऊ भात आणि कमी तिखट’ असे सांगून ठेवावे. साखर वा ग्लुकोज हाताशी असावे. वापरात असलेले इन्सुलिन ३० अंश सेल्सिअसच्या आत, सावलीत ठेवावे. ते बर्फाला चिकटून गोठले तर निकामी होते. संगीताच्या जागेपासून दूरचा तंबू मागून घ्यावा.

रात्रीची वाट

मुक्कामाचे खरे यश रात्री दोन वाजता ठरते. त्या वेळी ज्येष्ठ व्यक्ती उठते, जागा अनोळखी असते, प्रकाश अंधूक असतो. म्हणून दिवसाउजेडी त्यांच्यासह पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत एकदा चालून पाहावे. पलंगावर बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का? कमोड आहे का, आणि धरण्यास आधार आहे का? सांधे दुखणाऱ्या बोटांनी तंबूची चेन उघडते का? बाहेर ताणलेल्या दोऱ्या आणि खुंट्या अंधारात दिसत नाहीत. त्यांना पांढरे फडके बांधावे. गळ्यात अडकवायची विजेरी, मागे पट्टा असलेली पादत्राणे आणि उशाशी एक लहानशी घंटा एवढ्या सामग्रीने बरेच काही साधते. जाग आल्यावर लगेच उभे न राहता दोन मिनिटे पलंगाच्या कडेवर बसावे, म्हणजे रक्तदाब एकदम उतरून पडण्याची भीती कमी होते.

कोकणात मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना दंश करतो. पलंगावर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणे, हे त्यावरचे साधे संरक्षण आहे. दंशाची शंका आली तरी जखम कापू नये, आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णालय गाठावे. रोहा आणि माणगाव ही तालुक्याची गावे येथून जवळ आहेत. तेथील रुग्णालयांचे क्रमांक आधीच कागदावर लिहून ठेवावेत. तंबूत मोबाइलला संपर्क मिळतो का, हेही पाहावे. थंडी वाजली तरी पेटती शेगडी तंबूत आणू नये. बंद जागेतील कोळशाचा धूर जीवघेणा ठरतो. कानटोपी, पायमोजे आणि एक जादा रजई पुरेशी आहे.

कोणी मुक्काम टाळावा?

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, वारंवार तोल जात असेल किंवा रात्री ऑक्सिजन लागत असेल, तर मुक्काम नको. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा गोंधळ सायंकाळनंतर, विशेषतः परक्या जागी, वाढतो. अशांसाठी सकाळी जाऊन दिवस मावळण्यापूर्वी परतणे श्रेयस्कर. नदी दिवसाही तितकीच सुंदर असते.

शुश्रूषा करणाऱ्यांचाही विचार हवा. वर्षभर रात्री उठणारी सून किंवा मुलगी सहलीतही जागीच राहिली, तर ती तिची सहल ठरत नाही. रात्रीच्या पाळ्या निघण्यापूर्वीच वाटून घ्याव्यात.

आणि बेत ठरवताना ज्येष्ठांना ‘याल का?’ असे न विचारता ‘कसे जाऊया?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला संकोच ‘नाही’ म्हणतो. दुसऱ्याला मात्र अनुभव उत्तर देतो: खुर्ची कोणती घ्यायची, गोळ्यांचा डबा कोणाकडे, न्याहारीला काय. मग सकाळी धुके विरू लागते, काठावर खंड्या पक्षी बसलेला असतो आणि वरून आलेले पाणी हळूहळू खडक झाकू लागते. ते पाहण्यासाठी चालावे लागत नाही. चहाचा पेला हातात घेऊन, योग्य जागी मांडलेल्या खुर्चीत स्वस्थ बसणे तेवढे पुरते.